काही नाही, नुसती हळद

एका जंगलात एक डोह होता. डोहाच्या काठी, लव्हाळ्यात, मथूताई पाणकोंबडी राहत असत. त्यांचा बहुतेक उपास असे.

सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी आंबट चालत नसे. बुधवारी त्या जेवत, पण एकदाच. रविवारी काहीच नसे, म्हणून रविवारी त्यांना दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होई.

आता डोहात शिंगाडे होते भरपूर, आणि शिंगाडा उपासाला चालतो, बाळांनो. त्यामुळे मथूताई उपास करून करून चांगल्या गरगरीत झाल्या होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे अप्पा, म्हणत, "अगं, एखाद्या दिवशी नीट जेव. तब्येत जरा उतरेल."

मथूताई रागावत नसत. "तुम्हाला नाही कळायचं," असं म्हणून त्या अप्पांच्या कपाळाला हळदीचं बोट लावत.

हळदीवर त्यांचा फार जीव. रानातली हळद त्या स्वतः उकरून आणत, उन्हात वाळवत, दगडावर कुटत. उंबरठ्याला हळद. पाण्यात उतरायच्या दगडाला हळद. अप्पांची पाठ धरली की हळद. शेजारीण नवीन आली की हळद, आणि शेजारीण भांडून गेली तरी, जाता जाता, हळद.

त्या वर्षी घरट्यात पाच अंडी होती. गेल्या वर्षीची अंडी पुराने नेली होती. त्याच्या आदल्या वर्षीची सापाने. म्हणून या पाचही अंड्यांना मथूताईंनी एकेक पिवळं बोट लावलं होतं, आणि पाचांसाठी पाच वेगवेगळे नवस बोलून ठेवले होते. आठवडाभरात पिल्लं बाहेर येणार होती.

तेवढ्यात वरच्या अंगाहून बातमी आली.

वरच्या डोहावर रानडुकरांचं एक कुटुंब पाणी प्यायलं आणि पुन्हा उठलंच नाही. आणि वरच्या डोहाचं पाणी वाळूतून झिरपत झिरपत खालच्या डोहात येत होतं.

सगळं जंगल काठावर जमलं. पाणी पाहिलं तर नितळ. हुंगलं तर गोड वास. पण प्यायची कुणाची हिंमत होईना.

"दिसत नाही म्हणजे नाही," गवाराजे म्हणाले. गवा त्या जंगलाचा राजा होता. त्याच्या शिंगांपुढे कुणी वाद घालत नसे.

"अहो, भूतही दिसत नाही," वत्सलावहिनी बेडकी म्हणाल्या. "म्हणून काय पिंपळाखाली अंथरूण घालायचं?"

तेव्हा बगळेसर पुढे आले. बगळेसर सात सरोवरांपलीकडे शिकून नुकतेच परतले होते. ते म्हणाले, "पाण्यात विषकण आहे की नाही, हे बघता येतं. एकच एक कण असला तरी."

"एक कण? एवढ्या डोहात?" तरसपंत प्रधान हसले. तरस कशालाही हसतो, त्याचं मनावर घेऊ नये.

बगळेसरांनी मनावर घेतलं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं. काजव्यांनी आपखुशीने अंग झाडून दिलेलं चमचमतं चूर्ण त्यांच्याजवळ होतं. त्यात त्यांनी एक खास चीक मिसळला होता. तो चीक फक्त विषकणाला चिकटतो, दुसऱ्या कशालाही नाही.

"जत्रेतल्या गर्दीत पोर आपल्याच आईला चिकटतं, तसं?" मथूताईंनी विचारलं.

"अगदी तसं," बगळेसर म्हणाले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी समजून घेत होतं.

पुढचं असं होतं. डोंगरात एक अंधारी गुहा होती. गुहेच्या छताला एक भोक. भोकात निळा खडा बसवायचा, म्हणजे उन्हाची तिरीप निळी होऊन आत येते. ती दवाच्या थेंबातून जाऊ द्यायची, म्हणजे सुईच्या टोकाएवढी बारीक होते. त्या टोकाखाली डोहाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि पिवळं जाळीदार पिंपळपान डोळ्यापुढे धरून बघत राहायचं. निळा उजेड पानात अडतो, चमक तेवढी पलीकडे येते. विषकण पोहत पोहत त्या टोकात आला की त्याच्या अंगावरचं चूर्ण चमकणार. गेला की विझणार.

"आणि नाही आला तर?" गवाराजेंनी विचारलं.

"तर वाट बघायची."

हे मात्र कुणाला आवडलं नाही.

तरीही ठरलं. एक जरी विषकण दिसला, तरी दुसऱ्या सकाळी सगळ्या जंगलाने डोह सोडून डोंगरापलीकडे जायचं.

"आणि अंडी?" मथूताईंनी विचारलं.

अंडी डोंगर ओलांडत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि इथेच राहून पिल्लं विषाचं पाणी प्यायली, तर ती अंड्यांतून बाहेर आली काय आणि न आली काय, हे मथूताईंना ठाऊक होतं.

पाणी कुणी आणायचं, असा प्रश्न निघाला. "मथूताईंनी," सगळे एका सुरात म्हणाले. त्यांच्याइतकं सोवळं दुसरं होतं कोण? दिवसातून तीनदा आंघोळ, तीही पाण्यात राहून.

बगळेसरांनी बजावलं, "शिंपला झऱ्याच्या पाण्याने सात वेळा धुवा. डोहाच्या मधोमध जाऊन भरा. आत काही घालू नका."

"छे, मी कशाला काही घालू?" मथूताई म्हणाल्या.

आणि त्या अगदी खरं बोलत होत्या. त्यांनी शिंपला सात वेळा धुतला. मग एकदा मनाच्या समाधानासाठी आठव्यांदा धुतला. डोहाच्या मधोमध गेल्या. डोहात साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी, राहतात. त्यांना हात जोडले आणि म्हणाल्या, "बायांनो, पाणी निर्मळ निघू दे. पाची पिल्लांना घेऊन तुमच्या दर्शनाला येईन." मग शिंपला भरला. शुभकार्य होतं, म्हणून चिमूटभर हळद सोडली. आणि निघाल्या.

आता तुम्ही म्हणाल, काही घालायचं नव्हतं ना? पण बाळांनो, हळद म्हणजे काही घालणं नव्हे. तुमच्या आईला विचारून बघा, भाजीत काय घातलंस? ती म्हणेल, काही नाही, नुसती हळद.

सकाळी ऊन चढल्यावर गुहेत ही गर्दी झाली. बगळेसरांनी आधी झऱ्याच्या स्वच्छ पाण्याचा थेंब ठेवला, त्यात चूर्ण टाकलं आणि पानातून पाहिलं. अंधार. "छान," ते म्हणाले.

मग त्यांनी शिंपल्यातला थेंब ठेवला. चूर्ण टाकलं. पान डोळ्यापुढे धरलं. आणि त्यांची चोच उघडी ती उघडीच राहिली.

"काय दिसतंय?" गवाराजेंनी विचारलं.

"दिवाळी," बगळेसर म्हणाले.

सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. थेंबात नुसता लखलखाट होता. इकडे ठिणगी, तिकडे ठिणगी, ठिणग्यांवर ठिणग्या. वत्सलावहिनी तर बघता बघता मागच्या मागे उलथल्या.

"एक पुरे होता, इथे तर हजार आहेत!" गवाराजे गरजले. "उद्या सकाळी निघायचं!"

"थांबा, राजे," बगळेसर कळवळून म्हणाले. "विषकण एकेकटा यायला हवा. चमकून जायला हवा. ही तर गर्दी आहे. गर्दी दिसली म्हणजे मला एकही दिसला नाही."

पण गर्दीला गर्दी पटते. लोक गुहेबाहेर पडले आणि बांधाबांध करू लागले.

मथूताई घरट्याशी आल्या. अप्पा अंड्यांवर बसले होते.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

मथूताईंनी मान हलवली. अप्पा जरा आणखी पसरून बसले, इतकंच.

मथूताई एरवी अशा वेळी नवा नवस बोलल्या असत्या. पण आठवड्यातले वार संपले होते. मग त्यांना आठवलं, बगळेसर सकाळपासून उपाशी आहेत. दुःख कितीही असो, दाराशी आलेला माणूस उपाशी ठेवू नये. त्या पानात चार शिंगाडे घेऊन गुहेत गेल्या.

बगळेसर एकटेच बसले होते. चूर्णाची पुडी त्यांनी कोपऱ्यात भिरकावली होती. "माझाच चीक बिघडला असणार," ते पुटपुटले. "सात सरोवरं पालथी घातली, आणि गावात येऊन तोंडघशी पडलो."

"असं म्हणू नये. आधी खाऊन घ्या." मथूताई शिंगाडे ठेवायला वाकल्या. त्यांचे पाय निळ्या तिरिपेत आले. आणि मथूताईंची बोटं पिवळी-हिरवी चमकू लागली.

बगळेसर पान धरून बघतच राहिले. अगदी तोच रंग. थेंबातला.

"मथूताई, पायाला काय लावलंय?"

"कुठे काय? काही नाही."

"काहीच नाही?"

"काही नाही. नुसती हळद."

बगळेसरांनी डोळ्यापुढचं पान खाली घेतलं.

"आणि शिंपल्यात काय घातलं होतं?" बगळेसरांनी हळूच विचारलं.

"काही नाही हो, नुसती..." मथूताई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

निळ्या उजेडात हळद काजव्यासारखी चमकते, हे त्यांना कसं कळावं? बिचाऱ्यांनी हळद आजवर चुलीच्या उजेडातच पाहिली होती.

त्यांच्या मनात काय काय आलं! हे आत्ताच गुपचूप मिटवता येईल. सर भले आहेत, चीक बिघडला होता म्हणतील. जंगलात आपलं नाव आहे. सोवळ्याची मथूताई! ती असं करते म्हटल्यावर वत्सलावहिनी पुढची तीन वर्षं याच गोष्टीवर डराँव डराँव करणार. मग त्यांच्या डोळ्यांपुढे पाच पिवळी बोटं लावलेली पाच अंडी आली. मथूताई उठल्या.

काठावर सगळे ओझी बांधून बसले होते. मथूताई मोठ्या दगडावर चढल्या.

"राजे, शिंपल्यात मी हळद घातली होती. ठिणग्या दिसल्या त्या हळदीच्या. चूक माझी आहे. सरांची नाही."

तरसपंत लोळून लोळून हसले.

"चिमूटभर हळदीने एवढं?" वत्सलावहिनी म्हणाल्या. "मग आमच्या सूनबाईंची आमटी त्या गुहेत नेली तर डोंगर पेटेल."

"म्हणजे पाण्यात विष नाही?" गवाराजेंनी विचारलं.

"आहे की नाही, ते आपल्याला माहीत नाही," बगळेसर म्हणाले. "एवढंच आत्ता माहीत झालं."

गवाराजेंनी एक दिवस दिला. उद्या मावळतीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पाणी बगळेसरांनी स्वतः आणलं. पण बघायला दोन जोड डोळे हवे होते. एकाला दिसलं आणि एकाला नाही, असं नको. दिवसभर न हलता, न बोलता बसेल असं जंगलात होतं कोण? माकडांचं नाव निघालं आणि लगेच मागे पडलं.

"मी बसेन," मथूताई म्हणाल्या. "मला मौनाची सवय आहे. पाय धुऊन येते."

त्यांनी पाय इतके घासले की बोटांचा मूळ रंग कित्येक वर्षांनी दिसला. अप्पांनी आधी तो ओळखलाच नाही. "तू जा, मी बसतो इथे," ते म्हणाले. "तुझ्या एका व्रताला तरी माझा हातभार लागू दे."

गुहेत पुन्हा गर्दी झाली. सगळ्यांना दिवाळी बघायची होती. पण पानातून नुसता काळोख दिसला.

"काहीच दिसत नाही की!"

"हेच तर बघायचंय," बगळेसर म्हणाले.

घटकाभरात गुहा रिकामी झाली. बगळेसर एका पायावर उभे राहिले. मथूताई बसल्या.

"किती थेंब बघायचे?" त्यांनी विचारलं.

"शंभर."

"एकशे आठ बघू या का?"

बगळेसरांनी क्षणभर विचार केला. "बघू या. थेंब जास्त बघितले म्हणून प्रयोग काही बिघडत नाही."

सूर्य सरकत होता. थेंबामागून थेंब. मथूताई श्वाससुद्धा बेताने घेत होत्या, कारण श्वासाने दवाचा थेंब हलतो. मग बाविसाव्या थेंबात एकदम चमकलं. सरांनी त्याच वेळी पापणी मिटली होती. त्यांना ते दिसलं नव्हतं.

गप्प राहता आलं असतं. मथूताई म्हणाल्या, "दिसला."

"कसा? सांगा. सावकाश गेला की झटकन?"

"भुर्रकन गेला. विंचू चावल्यासारखा."

बगळेसरांनी श्वास सोडला. "मग ते मोकळं चूर्ण. त्याच्या अंगावर ओझं नाही, म्हणून एरवी ते डोळ्याला दिसतही नाही. विषकण घेतलेलं चूर्ण असं पळत नाही. ते जड असतं. ते जातं डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईसारखं."

एकशे आठ थेंब झाले. हंडा घेतलेली बाई आली नाही.

मग बगळेसरांनी वरच्या डोहातून आणलेल्या पाण्याचा एक थेंब ठेवला. "आपली नजर बरोबर आहे ना, ते बघू." दोघांनी पानं धरली. बराच वेळ काळोख. आणि मग, एका कडेने, एक ठिणगी आली. एकटीच. डुलत डुलत, शांतपणे त्या सुईच्या टोकातून गेली आणि विझली.

मथूताईंनी हात जोडले.

"अहो, पाया कशाला पडता? विष आहे ते!"

"सवय," मथूताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढासा जीव, आणि त्याने डुकरांचं अख्खं घर उठवलं. आणि तो आपल्या डोहात नव्हता.

बगळेसर बाहेर येऊन म्हणाले, "आज पाहिलेल्या एकशे आठ थेंबांत विषकण दिसला नाही. बहुधा तो मधल्या वाळूत अडतो आहे. पाणी प्या. पण दर अमावास्येला पुन्हा बघावं लागेल."

एवढं मोठं वाक्य कोण लक्षात ठेवणार? तरसपंतांनी दवंडी दिली, "विष नाहीसं झालं!" टेकडीपर्यंत जाता जाता ते झालं, "मथूताईंनी नाहीसं केलं!" आणि टेकडीपलीकडे पोचलं तेव्हा, "काल हजार होते, मथूताईंनी हळद घातली, आज एक नाही!"

सहा दिवसांनी पाच पिल्लं बाहेर आली. काळी, पिसांच्या गोळ्यांसारखी. मथूताई त्यांना घेऊन आसरांच्या दर्शनाला निघाल्या, आणि काठावर थबकल्या. डोहाच्या चारी बाजूंना बायकांची रांग होती. हरिणी, सशिणी, साळुंक्या. प्रत्येकीच्या हातात हळद. डोह पिवळाधमक झाला होता. त्या पाण्यात मथूताईंची पाच पिल्लं पोहायला शिकणार होती.

अमावास्या आली. बगळेसरांनी थेंब ठेवला. दिवाळी. त्यांनी डोकं पंखात खुपसलं. "आता खरंच विष आलं तरी दिसायचं नाही."

मथूताई घरोघर फिरल्या. "बायांनो, हळदीने काही झालं नाही गं. मी चुकले होते. पाण्यात विष नव्हतंच!"

"बघा, किती विनय!" बायका म्हणाल्या आणि त्यांच्या पाया पडल्या. वत्सलावहिनी तर दोनदा पडल्या. जाताना त्यांनी मथूताईंनाच हळद लावली.

मथूताई घरट्यात येऊन बसल्या. तो रविवार होता. त्यांना दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. मग एकाएकी त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"अहो," त्या अप्पांना म्हणाल्या, "रविवार मोकळाच आहे की माझा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायका जमवल्या आणि कोऱ्या पाण्याच्या व्रताची कहाणी सांगितली. व्रत रविवारचं. डोहात काही घालायचं नाही. हळद नाही, कुंकू नाही, फूल नाही, पान नाही. ज्या घरची चिमूट पाण्यात पडेल, त्या घरचा वसा मोडला. उपासाला शिंगाडे चालतील.

"एवढंच? रविवारपुरतं?"

"रविवारी उपास. न घालणं रोजचं."

"फार कडक आहे हो," एक सशीण म्हणाली. "आणि फळ काय मिळतं?"

मथूताई खोटं बोलू शकत नव्हत्या. "फळ डोळ्यांना दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"अगं बाई!" वत्सलावहिनी म्हणाल्या. "मग तर फारच मोठं असणार!"

पुढच्या अमावास्येपर्यंत वाहत्या पाण्याने पिवळेपणा धुऊन नेला. बगळेसरांनी शिंपला आणला. थेंब ठेवला. पान धरलं. काळोख. सुंदर, दाट, कोरा काळोख. त्यांनी एकशे आठ थेंब पाहिले आणि मग मथूताईंकडे वळले. दाराशी पाच पिल्लं पाण्यात डुबक्या मारत होती.

"मथूताई, मी महिनाभर सगळ्यांना समजावत होतो. कुणी ऐकलं नाही. तुम्ही काय केलंत?"

"कुठे काय? काही नाही."

"काहीच नाही?"

"काही नाही," मथूताई म्हणाल्या. "नुसतं व्रत."

तात्पर्य: बाळांनो, तुम्हाला वाटलं असेल, तात्पर्य 'नेहमी खरं बोलावं' असं असणार. पण मथूताई खरं बोलल्या, तेव्हा लोकांनी त्यांचे पाय धरले आणि डोह पिवळा केला. पाणी स्वच्छ झालं ते कहाणी सांगितल्यावर. म्हणून खरं जरूर बोलावं, पण ते कुणी ऐकावं असं वाटत असेल, तर त्याला एक उपास जोडून द्यावा. शिंगाडे चालतात.